पगार थांबतो तेव्हा रक्तदाब चढतो

आरोग्याच्या सदरात विमान कंपनीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या जिल्ह्यातील किती माणसे विमानात बसतात, असेही कोणी विचारील. पण प्रश्न बसणाऱ्यांचा नाही. विमानात सामान चढवणारे, इंजिन तपासणारे, तिकीट खिडकीवर बसणारे, केबिन झाडणारे, कर्मचाऱ्यांची गाडी चालवणारे यांत आपल्याकडचे किती आहेत, हे गणपतीत गावोगाव फिरले की कळते. एकेकाळी कोकणातला मुलगा मुंबईला गेला की गिरणीत लागायचा. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू बंद पडले, आणि पुढच्या पिढीतले बरेच जण अंधेरी, सहार, सांताक्रूझच्या बाजूला वळले. त्यांना विमानतळाची नोकरी म्हणजे पक्की नोकरी वाटे. गणवेश, ओळखपत्र, महिन्याच्या महिन्याला पगार, आणि आईवडिलांसकट सगळ्यांचा मेडिक्लेम.

17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला यायला निघाले. त्यानंतर त्या कंपनीचे प्रवासी विमान पुन्हा उडाले नाही. 16 हजारांहून अधिक माणसे त्या कंपनीच्या नोकरीत होती, कंत्राटी कामगार वेगळेच. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या वर्षभरात माझ्या दवाखान्यात जे रुग्ण आले, त्यांतल्या काहींची फाईल मी आजही चाळतो. छातीत जळजळ, झोप नाही, डोके जड, पाठ दुखते, हातापायाला मुंग्या. ईसीजी चांगला, रक्त चांगले. "काम काय करता?" या प्रश्नाला थोडा वेळ उत्तर येत नसे. मग शेजारी बसलेली बायको हळूच सांगे, "डॉक्टर, ह्यांची कंपनी बंद झाली."

विमान कंपनी बुडते कशी, हे थोडक्यात सांगतो, कारण बुडण्याच्या पद्धतीतच आजाराचे मूळ आहे. हा धंदा बाहेरून जेवढा चकचकीत तेवढा आतून नाजूक. तिकीट विकायचे रुपयांत, आणि तेही शेजारची कंपनी काय भावाने विकते ते पाहून. उलट विमानाचे भाडे, सुटे भाग, परदेशातली दुरुस्ती हे सारे डॉलरमध्ये. इंधनाचा भाव जगाच्या बाजारावर. बहुतेक विमाने कंपनीच्या मालकीची नसतातच, भाड्याने घेतलेली असतात. जेट एअरवेज 1993 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि दीर्घकाळ देशातली अव्वल खाजगी कंपनी होती. 2007 मध्ये तिने एअर सहारा 1,450 कोटी रुपयांना विकत घेतली, आणि ते ओझे तिला जड गेले. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांशी स्पर्धा होतीच. 2013 मध्ये अबुधाबीच्या एतिहादने 24 टक्के हिस्सा घेतला तेव्हा थोडा श्वास मिळाला. 2018 मध्ये तेल 80 डॉलरच्या वर गेले, ऑक्टोबरात डॉलर 74 रुपयांना पोचला, आणि श्वास पुन्हा लागला. भाडे थकले तशी भाड्याची विमाने एकेक करून जमिनीवर बसली. ताफा शंभराच्या वर होता, शेवटी उडणारी विमाने बोटांवर मोजण्याइतकी राहिली. 25 मार्च 2019 रोजी संस्थापक नरेश गोयल संचालक मंडळातून बाहेर पडले. बँकांची देणी 8 हजार कोटींच्या वर होती. तातडीच्या 400 कोटींची मागणी बँकांनी नाकारली आणि कामकाज थांबले.

वाचकांनी यात एक गोष्ट पाहावी. कर्मचाऱ्यांचा त्रास 17 एप्रिलला सुरू झाला नाही. 2018 च्या उत्तरार्धापासूनच वैमानिक, इंजिनिअर आणि वरच्या अधिकाऱ्यांचे पगार तुकड्यातुकड्याने आणि उशिरा होत होते, आणि मार्च 2019 चा पगार कोणाच्याच खात्यात आला नाही. म्हणजे कित्येक महिने माणूस रोज कामावर जातो आहे, गणवेश इस्त्री करतो आहे, प्रवाशांना हसून नमस्कार करतो आहे, आणि मनात मात्र एकच प्रश्न फिरतो आहे. या महिन्याचा हप्ता कसा भरायचा?

वैद्यकशास्त्राला हा मधला काळ फार जुना ओळखीचा आहे. अमेरिकेत कास्ल आणि कॉब या संशोधकांनी बंद पडणाऱ्या कारखान्यांतील कामगारांच्या घरी परिचारिका पाठवून त्यांचा रक्तदाब वेळोवेळी मोजला. त्यांचा निबंध 1970 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले असे, की कारखाना बंद होणार ही कुणकुण लागली, पण अजून बंद झालेला नाही, त्याच वेळी रक्तदाब चढलेला होता. बेकारीत तो चढाच राहिला आणि नवी नोकरी मिळून घडी बसली तेव्हा उतरला. नोकरी जाण्याआधीच शरीर नोकरी गेल्यासारखे वागू लागते.

असे का होते? आपल्या मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट दिसले की त्या ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, यकृतातली साखर रक्तात उतरते, झोप उडते. समोर साप असेल तर हे सारे उपयोगाचे. साप गेला की थोड्या वेळाने शरीर शांत होते. पण "पंधरा तारखेला पगार होईल", मग "महिनाअखेर होईल", मग "नवा मालक येतोय", असा साप सहा महिने उंबरठ्यावर बसून राहिला तर? जातही नाही, चावतही नाही. ती द्रव्ये मग कमी होतच नाहीत. ज्याची साखर काठावर होती ती काठ ओलांडते. ज्याला थोडे आम्लपित्त होते तो रात्री बारा वाजता उठून बसतो. त्यात जेवणाच्या वेळा चुकतात, चहा वाढतो, तंबाखूची पुडी दिवसाला एकाऐवजी तीन लागू लागते. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर दर तासाला नवी अफवा येई. रात्री दोन वाजता मोबाईल उघडून कोणी गुंतवणूकदार आला का, हे पाहणाऱ्याला मी झोपेची गोळी किती दिवस देणार? त्या रुग्णांना पहिला उपाय मी हाच सांगत असे, की रात्री नऊनंतर मोबाईल बायकोच्या ताब्यात द्या. हसण्यावारी नेऊ नका, गोळीपेक्षा याचा गुण लवकर येतो.

निश्चित वाईट बातमी माणूस कधी ना कधी पचवतो. अनिश्चित बातमी त्याला पोखरते. जेटच्या बाबतीत ही अनिश्चितता किती लांबली पाहा. जून 2019 मध्ये प्रकरण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाकडे गेले. जून 2021 मध्ये जालान-कालरॉक गटाची पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, आता कंपनी पुन्हा उडणार अशा बातम्या आल्या. 2022 मध्ये उड्डाणाचा परवाना पुन्हा मिळाला. कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या थकबाकीसाठी पुन्हा वेगळे झगडे. अखेर 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे जे काही उरले आहे ते विकून देणेकऱ्यांना वाटण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षे! माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात या साडेपाच वर्षांत दोन नातवंडे जन्मली आणि आजोबा गेले. घरच्या कपाटात टांगलेला गणवेश मात्र तिथेच होता, कारण कंपनी उद्या बोलावील.

आता मेडिक्लेमकडे वळतो, कारण या विषयावर सर्वांत कमी बोलले जाते आणि दवाखान्यात सर्वांत जास्त हाल याचेच दिसतात. कंपनीने काढलेला विमा हा कंपनीचा असतो, तुमचा नसतो. हप्ता कंपनी भरते तोवर तो चालतो. जेटच्या कर्मचाऱ्यांचा गटविमा काम थांबल्यावर काही दिवसांतच संपला. ज्यांच्या घरी कोणाचे डायलिसिस चालू होते, कोणाची केमोथेरपी अर्ध्यावर होती, त्यांच्यावर एकाच पंधरवड्यात पगार आणि विमा दोन्ही नसण्याची पाळी आली. त्याच एप्रिलच्या अखेरीस कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका कर्मचाऱ्याने जीवन संपवल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. अशा घटनेला एकच कारण कधी नसते, आणि दूर बसून आपण ते ठरवूही नये. पण आजार, पैशाची चणचण आणि विम्याचा आधार तुटणे ही तिन्ही एकत्र आली की माणूस किती एकटा पडतो, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

म्हणून नोकरीत असलेल्या प्रत्येक वाचकाला, मग तो विमानतळावर असो की एमआयडीसीत, माझा आग्रह आहे. कंपनीचा विमा असला तरी जमेल तसा, लहान का होईना, स्वतःच्या नावावर एक घरगुती आरोग्य विमा घ्या, आणि तो प्रकृती चांगली असताना घ्या. नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. 2024 पासून तो जास्तीत जास्त 3 वर्षांचा आहे. मधुमेह झाल्यावर आणि नोकरी गेल्यावर पॉलिसी काढायला निघालात, तर नेमकी गरज असतानाच ती उपयोगी पडत नाही. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचीही सोय असते, मात्र त्यासाठी अर्ज मुदतीच्या आत करावा लागतो. कंपनी डळमळू लागली आहे असे दिसताच एचआरच्या साहेबांना हा प्रश्न पहिला विचारावा, थकलेल्या पगाराचा नंतर. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती. आता पांढऱ्या शिधापत्रिकेवरील कुटुंबांनाही तिचा लाभ मिळतो, आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. "आपल्याला कसली सरकारी योजना" म्हणून विमानतळावरच्या नोकरदारांची घरे तिच्याकडे फिरकत नसत. शिधापत्रिका शोधून ठेवा. तिच्यावरची नावे बरोबर आहेत का तेही पाहा.

याहून साधी आणि याहून घातक गोष्ट म्हणजे गोळ्या बंद करणे. खर्चाला कात्री लावायची म्हटली की घरचा कर्ता पुरुष पहिली कात्री स्वतःच्या औषधाला लावतो. मुलांची फी थांबवत नाही, आईचा चष्मा थांबवत नाही, स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र थांबवतो. गोळी बंद केली तरी काही दुखत नाही, त्यामुळे निर्णय बरोबर वाटतो. सामान चढवण्याच्या कंत्राटी कामातून परत आलेला 46 वर्षांचा एक गृहस्थ मला आठवतो. त्याने चार महिने गोळी घेतली नव्हती. शेतावर बांध घालताना त्याचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. त्याच्या भावाने वेळ न घालवता रिक्षा काढली, म्हणून तो आज काठी घेऊन का होईना चालतो. नेहमीची रक्तदाबाची साधी गोळी जेनेरिक स्वरूपात घेतली तर दिवसाचा खर्च टपरीवरच्या एका चहाहूनही कमी येतो. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी व नेहमीची औषधे मोफत मिळतात. महागडी गोळी परवडत नसेल तर डॉक्टरला तसे सरळ सांगा. त्यात लाज कसली? आम्ही गोळी बदलून देऊ शकतो, बंद झालेली मेंदूची रक्तवाहिनी बदलून देऊ शकत नाही.

पुरुषांचेच बोलत राहिलो. विमान कंपनीत मुलीही पुष्कळ होत्या, आणि अनेक घरांत त्याच एकट्या मिळवत्या होत्या. काही घरांत तर नवरा-बायको दोघेही एकाच कंपनीत, म्हणजे दोन्ही पगार एकाच दिवशी बंद. कंपनी बंद पडल्यावर दुसऱ्याच दिवशी दिल्लीत जंतरमंतरला कर्मचारी गणवेशात जमले होते, त्यांत या मुली हातात फलक घेऊन उभ्या असलेल्या सर्वांनी टीव्हीवर पाहिल्या. नंतर त्यांतल्या काहींना दुसऱ्या कंपन्यांत कमी पगारावर नोकऱ्या मिळाल्या. जेटकडे बोइंग 737 विमाने जास्त होती. स्पाइसजेट तीच उडवीत असल्याने तिने त्यांतली काही विमाने आणि माणसेही घेतली. ज्या कंपन्या एअरबस वापरतात तिथे वैमानिकाला आणि इंजिनिअरला नव्या विमानाचे शिक्षण आणि परवाना पुन्हा घ्यावा लागतो. पंधरा वर्षांचा अनुभव असून विद्यार्थ्यासारखे बाकावर बसावे लागते. आणि हे कसेबसे स्थिरावतात तोच 25 मार्च 2020 ला करोनामुळे देशातली प्रवासी विमाने दोन महिने जमिनीवर आली. दुसऱ्यांदा पडलेला माणूस पहिल्यांदा पडलेल्यापेक्षा गप्प असतो, हे मी त्या काळात पाहिले.

हे गप्प होणे फार जुने आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे गिरणीचे गाव होते. 1930 च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि 1933 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना वाटले होते, की रिकामा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, सभा भरवतील. झाले उलटे. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तके नेणारे घटले. संशोधकांनी खिडकीत बसून रस्त्याने जाणाऱ्यांची चाल मोजली, तर पुरुष हळू चालत होते आणि मध्ये मध्ये उगाच थांबत होते. बायकांची पावले मात्र पूर्वीसारखीच भरभर, कारण त्यांचे घरचे काम कोणी बंद केलेले नव्हते. दिवसभर काय केले, हे पुरुषांना सांगताच येत नव्हते.

आपल्या एसटी स्टँडसमोरच्या कट्ट्यावर ही चाल मी ओळखू लागलो आहे. नोकरी पगाराबरोबर दिवसाला आकार देते. किती वाजता उठायचे, कोणाशी बोलायचे, कोणाला आपली गरज आहे, हे सारे तिच्यातून ठरते. तो आकार गेला की माणूस दहाला उठतो, दुपारी झोपतो, रात्री जागतो. मग संध्याकाळी कोणीतरी म्हणतो, चल थोडी घेऊ, झोप तरी लागेल. दारूने डोळा लागतो हे खरे, पण मध्यरात्रीनंतर तीच दारू झोप मोडते, रक्तदाब वाढवते आणि मन अधिक खचवते. म्हणून गावी परत आलेल्या माणसाला मी औषधाच्या चिठ्ठीवर वेळापत्रक लिहून देतो. सहाला उठणे, अर्धा तास भरभर चालणे, आंघोळ, आणि त्यानंतर एक ठरलेले काम. कलमांना पाणी घालणे असो, मुलाचे गणित घेणे असो की ग्रामपंचायतीत जाऊन कोणाचा अर्ज लिहून देणे असो. दुपारी झोपायचे नाही. काही जण ही चिठ्ठी पाहून नाराज होतात, त्यांना इंजेक्शन हवे असते.

शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीही दोन शब्द. "काय रे, लागली का कुठे?" हा प्रश्न आपण मायेने विचारतो. ऐकणाऱ्याला तो दिवसातून पाचव्यांदा ऐकू येतो आणि तो घराबाहेर पडणेच सोडतो. त्यापेक्षा त्याला एखाद्या कामाला हाक मारा. ज्याने विमानाचे इंजिन उघडले आहे, त्याला आपला पाण्याचा पंप नक्की कळतो.

नोकरी गेल्याने माणसे खरोखर मरतात का, असे एका प्राध्यापक मित्राने मला विचारले होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील दीर्घकाळ नोकरी केलेल्या पुरुष कामगारांचा अभ्यास सुलिव्हन आणि फॉन वाख्टर यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या कामगार कपातीत नोकरी गेल्यानंतरच्या वर्षात त्यांचे मृत्यूचे प्रमाण अपेक्षेपेक्षा 50 ते 100 टक्के जास्त आढळले, आणि वीस वर्षांनंतरही त्याचा काही परिणाम उरलेला होता. त्या वयात मृत्यू मुळात कमीच असतात, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण नोकरी गेलेल्या माणसाच्या तब्येतीकडे पहिल्या वर्षी इतर कोणापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवे, एवढे यातून निश्चित कळते. पूर्वी किंगफिशर बंद पडली तेव्हा, म्हणजे 2012 मध्ये, असे लक्ष कोणी दिले नाही. 2023 च्या मे महिन्यात गो फर्स्टची विमाने थांबली तेव्हाही पगार, बँका आणि प्रवाशांचे पैसे यांच्याच बातम्या आल्या.

घरच्या माणसांनी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. जेवण तुटणे, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, "मी सगळ्यांना भार झालो" असे बोलणे, कागदपत्रे आणि देणीघेणी एकाएकी आवरायला घेणे. शेवटच्या दोन दिसल्या तर उद्यावर टाकू नका. माणसाला एकटे ठेवू नका आणि त्याच्याशी सरळ बोला. "जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का?" असे विचारल्याने त्याच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट तो आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

आपल्याकडे "याला रत्नागिरीला पाठवा" ही थट्टा अजून गेलेली नाही. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे. झोप न येणारा, धडधडणारा, काळजीने पोखरलेला साधा माणूस सकाळी केसपेपर काढून डॉक्टरांना भेटतो, औषध घेतो आणि दुपारच्या एसटीने घरी परततो. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. जाताना जुने कागद, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि घरातले एक माणूस बरोबर न्यावे. नोकरी कधी गेली आणि झोप कधीपासून गेली, या दोन्ही तारखा डॉक्टरांना सांगाव्यात.